संबंध असल्यास आधी सांगावे

प्रा. अप्पाराव स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून घ्यावी, कारण उभ्यानं ती ओळख संपत नसे. आपण तर्कशास्त्राचे प्राध्यापक आहोत हे ते सगळ्यात शेवटी सांगत. त्याआधी ते सांगत की परभणी जिल्ह्यात, आणि खरं म्हणजे गोदावरीच्या या अंगाला, माणसाच्या चपलेवरून त्याच्या पोटातलं ओळखणारा गुप्तहेर एकच आहे. त्याचं नाव ते सांगत नसत. नुसते खिडकीबाहेर बघत. ऐकणाऱ्यानं विचारलं नाही तर थोड्या वेळानं स्वतःच सांगत.

"पोलिसांकडे लाठी असते," ते म्हणत. "माझ्याकडे तर्क आहे. लाठी मोडते, तर्क मोडत नाही."

हे खरं होतं. त्यांचा तर्क आजवर मोडला नव्हता, कारण तो कुठं लागलाच नव्हता. मागं कॉलेजची घंटा नाहीशी झाली तेव्हा त्यांनी दोन शिपाई, एक माजी विद्यार्थी आणि शेजारच्या शाळेचे हेडमास्तर अशा चौघांवर संशय ठेवला. घंटा दुरुस्तीला गेली होती. ती अप्पारावांनीच पाठवली होती.

या सगळ्या तपासांत बन्सीधर त्यांच्याबरोबर असे. बन्सीधर कॉलेजात कारकून होता आणि अप्पाराव ज्याचे प्रमुख होते त्या विद्यार्थी सल्ला केंद्राचं लिहिण्याचं काम त्याच्याकडं होतं. गुप्तहेराच्या मदतनिसाचं काम त्याच्याकडं कुणी दिलं नव्हतं, ते येऊन पडलं होतं. पूर्वी त्याचं त्याला काही वाटत नसे. संध्याकाळी घरी गेल्यावर तो दिवसभराचा तपास बायकोला, कस्तुराबाईला, सांगायचा आणि ती भाकरी थापता थापता हसायची. "तुमचे सर म्हशीवर बसून म्हैस हुडकतेत," असं ती म्हणायची. गेल्या पोळ्याला ती गेली. लेकरूबाळ नव्हतं. आता तपास झाला तरी सांगायचा कुणाला, हा प्रश्न होता. बन्सीधर खानावळीत जेवून घरी जायचा आणि गप्प बसायचा.

सल्ला केंद्राचं काम साधं होतं. परीक्षा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, कशातही पोरांची अडचण झाली की सल्लागारांनी ती ऐकायची आणि पोरांच्या बाजूनं कॉलेजशी बोलायचं. पण कॉलेज होतं एका संस्थेचं, संस्था होती प्राचार्य आबासाहेबांच्या सासऱ्यांची, आणि नोकऱ्या देताना सासऱ्यांनी माणसं लांबून आणली नव्हती. त्यामुळं एखादा पोरगा वसतिगृहाच्या रेक्टरची तक्रार घेऊन यायचा आणि ऐकणारा सल्लागार रेक्टरचा साडू निघायचा. यावरून एकदा पोरांनी कॉलेज बंद पाडलं. मग नियम झाला की समोरच्या प्रकरणात सल्लागाराचा हितसंबंध असेल तर त्यानं तो आधी सांगावा आणि उठून जावं. नामांतराच्या त्या वर्षांत विद्यापीठाचं नाव घेण्याआधीसुद्धा माणसं समोर कोण बसलंय ते बघून घेत, तेव्हा जे आहे ते आधी सांगून टाकलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं.

नियम चांगला होता. फक्त हितसंबंध कसला, तेही सांगावं, असं लिहायचं राहून गेलं होतं.

नियमाची पाटी करायची ठरली. मजकूर अप्पारावांनी केला. पेंटर लग्नाच्या मांडवांच्या कमानी रंगवणारा होता. त्यानं सवयीनं दोन्ही कोपऱ्यांत कलश काढले. वरच्या ओळीत 'सल्लागारांशी हित' एवढंच मावलं, म्हणून राहिलेलं त्यानं खाली मोठ्या लाल अक्षरांत घेतलं: 'संबंध असल्यास आधी सांगावे'. त्याखाली सल्लागारांची नावं आणि घरचे पत्ते आले. पाटी केंद्राच्या दाराबाहेर लागली. अप्पाराव रोज तिच्याखालून जात.

प्रकरण सुरू झालं शुक्रवारी.

झरीहून येणारी विमला नावाची मुलगी केंद्रात आली आणि बाकावर बसली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. हजेरी कमी पडलेल्यांची यादी कॉलेजनं लावली होती, त्यात तिचं नाव होतं. सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत होती. केंद्रानं शिफारस केली तरच तिला फॉर्म मिळणार होता.

पहिले सल्लागार अण्णासाहेब वकील. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव? गाव?"

"विमला दिनकरराव. झरी."

अण्णासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं. मग टोपण लावलं.

"माझा यात हितसंबंध आहे," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यांच्या जागी सूर्यभान गुरुजी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक होते, कुणाला न विचारता सगळ्यांना सल्ला देत. त्यांनी नाव ऐकलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. "माजा बी हाय," एवढं म्हणून तेही गेले.

तिसऱ्या सुमनबाई, इतिहास शिकवायच्या. त्यांनी चष्मा नीट केला. "अगं, तू का ती विमला? उभी राहा बघू."

विमला उभी राहिली.

"छान आहेस," सुमनबाई म्हणाल्या. "चष्मा नाही ना तुला? बरं झालं. पण मला तुझं ऐकता येणार नाही बाई. हितसंबंध." आणि जाताना त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

खोलीत विमला, बन्सीधर आणि कोपऱ्यात उभे असलेले अप्पाराव उरले. अप्पारावांचे डोळे चमकत होते. घंटेनंतर कॉलेजात काही नाहीसं झालं नव्हतं.

"सर," विमला म्हणाली, "मग तुमीच ऐका की. माझी हजेरी तर तुमच्याच—"

"थांब!" अप्पारावांनी हात वर केला. "एक शब्द बोलू नकोस. तू जे सांगशील त्यानं माझा तर्क बिघडेल."

"पन सर, मी काय म्हनतेय—"

"तीन माणसं. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. तिघं तुझं नाव ऐकतात आणि तिघं पळतात. पोरी, हे तुझ्या हजेरीचं प्रकरण नाही. हे फार खोल आहे. बन्सीधर, या मुलीशी बोलायचं नाही. ती साक्षीदार आहे."

अप्पाराव कॉलेजच्या आवारात चपला बघायला गेले. बन्सीधर दप्तर आवरायला लागला. विमला तशीच बसून होती.

"भाऊसाहेब," ती हळूच म्हणाली, "सोमवारी फॉर्म न्हाई भरला तर बाबा मला घरी ठिवून घेतेत. परीक्षा दिली तर फुडं शिकू देतो म्हनलेत, बी.एड. करू देतो म्हनलेत. न्हाई दिली तर फाल्गुनात लगीन. तसा करारच झालाय आमचा."

बन्सीधरला तिच्याशी बोलायची मनाई होती. तो बोलला नाही. त्यानं तिच्यासाठी माठातलं पाणी आणून ठेवलं. कस्तुराबाई चारठाण्याची, सातवीत असताना तिचं लग्न लागलं होतं. परीक्षेचा पहिला पेपर आणि हळद एकाच दिवशी आली होती. त्याच्यावर रागावली की ती म्हणायची, "त्या दिवशी पेपरला गेले असते तर तुमच्या हाती लागले नसते." आणि मग त्यालाच वाढायची.

दुपारपर्यंत अप्पारावांचा पहिला सिद्धांत तयार झाला. तिघांनीही उठण्याआधी कॉलेजच्या कँटीनचा चहा घेतला होता.

"चहात काहीतरी होतं," ते म्हणाले. "ज्यानं माणसाला उठावंसं वाटतं."

"सर, चहा मी पण घेतला."

"आणि तुम्हाला उठावंसं वाटलं?"

"घरी जावंसं वाटलं."

"बघा!"

तपासासाठी बन्सीधरला ओळीनं तीन कप पाजले. तो तिसऱ्या कपानंतर खरंच उठला, पण कारण वेगळं होतं. तो परत आल्यावर पहिला सिद्धांत मागं घेतला गेला.

दुसरा सिद्धांत खिडकीवरून निघाला. अण्णासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं होतं. अप्पारावांनी त्या जागी बसून बाहेर बघितलं. निंबाखाली लाल पटका बांधलेला, मिशीवाला एक माणूस उभा होता. त्यानं अप्पारावांनाही लवून रामराम घातला आणि तोंडभर हसला.

"हसला!" अप्पाराव खिडकीखाली दडले. "बन्सीधर, मला कुणी उगाच हसत नाही. लाल पटका ही टोळीची खूण आहे. तिघा सल्लागारांना धाक घालणारा हाच."

"सर, लाल पटका तर झरी-पेडगावकडं अर्ध्या लोकांच्या डोक्याला असतो."

"म्हणजे टोळी मोठी आहे."

शनिवारी सकाळच्या कॉलेजनंतर पाळत सुरू झाली. लाल पटकेवाला पुढं, त्याच्यामागं डोळ्यांवर गॉगल आणि अंगात पावसाळी कोट घातलेले अप्पाराव, त्यांच्यामागं छत्री धरलेला बन्सीधर. पौष महिना होता. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. लाल पटकेवाला तेवढा बघत नव्हता, त्याला पत्ते शोधायची घाई होती.

तो अण्णासाहेब वकिलांच्या घरात शिरला. बराच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात नवा कोरा टॉवेल होता आणि हातात नारळ.

"नारळ," अप्पाराव कुजबुजले. "आत काय आहे ते बाहेरून कुणालाही दिसत नाही अशी वस्तू कोणती?"

"नारळ."

"बरोबर. कागदपत्रं अशीच पोचवतात."

तिथून तो सुमनबाईंच्या घरी गेला आणि दुसरा टॉवेल, दुसरा नारळ घेऊन बाहेर आला. मग सूर्यभान गुरुजींच्या घरी गेला. तीन नारळ झाल्यावर त्याला चालताना ते सांभाळेनात. वळणावर एक निसटला आणि घरंगळत येऊन अप्पारावांच्या पायाशी थांबला. अप्पारावांनी तो कोटाखाली घेतला, बोळात नेला आणि दगडावर फोडला. दोघंही वाकून आत बघू लागले.

"खोबरं आहे, सर."

"मुद्दाम ठेवलंय," अप्पाराव म्हणाले.

पुरावा टाकून देता येत नव्हता म्हणून तो त्यांनी खाल्ला. तेवढ्यात लाल पटकेवाला पुढं गेला होता. बन्सीधर बोळाच्या तोंडाशी जाऊन बघून आला.

"सर, तो तुमच्या गल्लीत शिरला."

"अशक्य. माझ्या गल्लीत गुन्हेगार फिरकत नाही. त्यांना माहीत आहे तिथं कोण राहतं. तुम्ही दुसराच कुणी बघितला. तो स्टेशनकडं गेला असणार."

मग दोघं स्टेशनवर गेले. तिथं मनमाडकडून येणारी गाडी लागली होती आणि तिच्यातून उतरणाऱ्यांत पुष्कळ लाल पटके होते. अप्पारावांनी एकेकाच्या चपला बघायला सुरुवात केली. चौथ्यानं विचारलं, "काय बगायलाव जी? तुमची गेली का एखांदी?" तेव्हा पाळत संपली.

दोघं चालत अप्पारावांच्या घरी आले. अप्पाराव ओसरीवर बसले आणि त्यांनी कोट काढला. त्यांनी तिसरा सिद्धांत मांडायला घेतला होता. तो असा होता की विमला नावाची मुलगी मुळात नाहीच.

सुमंगलाबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. त्या बोलायला तिखट होत्या, पण बन्सीधरला पाहुण्यांची कपबशी काढायच्या आणि कस्तुराबाई गेल्यापासून त्यात साखर जास्त घालायच्या.

"कुठं होतात दोघं?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला भेटायला पाहुणे येऊन गेले. आत्ताच. टॉवेल-टोपी करून नारळ दिला मी. बिचाऱ्यांचा एक नारळ वाटेत हरवला म्हणत होते."

बन्सीधरनं कप खाली ठेवला. अप्पारावांच्या मिशीला खोबऱ्याचा कण होता.

"कोण पाहुणे?" अप्पारावांनी विचारलं.

"झरीचे दिनकरराव. आपल्या भाच्याला पोरगी दाखवायची म्हणत होते. तुमच्याच कॉलेजात आहे, विमला नाव. फोटो ठेवून गेलेत."

"त्यांना कुणी सांगितलं आपल्याला लग्नाचा भाचा आहे?"

"मीच सांगितलं, ते आल्यावर. पण आले ते तुमच्या पाटीवरून. कॉलेजच्या दारावरच लिहिलंय म्हणे, संबंध असल्यास आधी सांगावे. खाली नावं, पत्ते. कोपऱ्यात कलश काढलेत. ते म्हणाले, लय झ्याक कॉलेज हाय बाई, पोरी शिकवतेत बी अन् उजवून बी देतेत. पत्रिका सगळ्यांना आठवड्याआधीच टपालानं धाडल्या होत्या, आपलं पाकीट तुम्ही फोडलंच नसणार. आज पाटीवरची सगळी घरं करत आले ते. अण्णासाहेबांचा मुलगा, सुमनबाईंचा धाकटा भाऊ, गुरुजींचा नातू. सगळ्यांनी पत्रिका ठेवून घेतली."

बन्सीधरला सगळं एकदम दिसलं. तिघांनी काही लपवलं नव्हतं. ज्या घरात जिची पत्रिका देवापुढं ठेवली होती तिचं प्रकरण समोर आल्यावर त्यांनी नियमानं सांगितलं आणि उठून गेले. सगळे नियमाला धरून वागले होते. आणि सगळे असेच उठून गेले तर सोमवारी पोरगी परीक्षेला मुकणार होती आणि यांच्यापैकीच एकाच्या घरी माप ओलांडून जाणार होती. उठून गेल्यानं त्यांचा हितसंबंध सुटत नव्हता, उलट पिकत होता.

"पोरगी मला आवडली," सुमंगलाबाई म्हणाल्या. "हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू देत नाहीत, मग फाल्गुनात मोकळीच आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बरंच झालं." त्या थांबल्या. "मग ते गेल्यावर वाटलं, काय बरं झालं? पोरीचं वर्ष गेलं त्यात?"

अप्पाराव उठले. हात मागं बांधून ओसरीभर फिरले.

"हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"आत्तापासून."

"मग आता तुमचाही संबंध आला की! आता तिचं ऐकणार कोण?"

अप्पारावांनी याचा विचार केला नव्हता. ते खाली बसले आणि त्यांनी मिशीवरचं खोबरं काढलं.

सोमवारी केंद्रात सगळे जमले. प्राचार्य आबासाहेब स्वतः आले. विमला बाकावर होती, शेजारी दिनकरराव मांडीवर पटका ठेवून बसले होते. तिघं सल्लागार भिंतीशी उभे होते, कारण बसलं तर सल्ला दिल्यासारखं दिसेल असं अण्णासाहेब वकिलांचं म्हणणं पडलं. अप्पारावांनी तपासाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. तीत चहा नव्हता, स्टेशन नव्हतं आणि सुमंगलाबाईही नव्हत्या. नारळ होता, पण तो त्यांनी ऐकूनच पोकळ ओळखला होता.

"थोडक्यात," आबासाहेब म्हणाले, "तुम्हा चौघांचाही हितसंबंध आहे."

चौघांनी माना खाली घातल्या.

"आणि माझा—" आबासाहेब खिसे चाचपू लागले. दिनकरराव आशेनं पुढं सरकले. "माझा चष्मा कुठं गेला? हं, हा आहे. मला पोरीच आहेत, चारी उजवल्यात. पण शिफारस माझ्याकडंच यायची आहे, ती मीच कशी करणार? असा माणूस पाहिजे ज्याचा कुणाशीच काही संबंध नाही. आपल्या कॉलेजात असा कोण आहे?"

आपल्या कॉलेजात असा माणूस असणं हा संस्थेचाच अपमान होता.

सुमनबाईंनी हळूच बन्सीधरकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. तो टेबलाशी टाक साफ करत होता. त्यालाही ही नोकरी नात्यातूनच लागली होती, पण तो धागा कस्तुराबाईच्या मामाकडून आला होता. मामा गेले, मग तीही गेली. त्या धाग्याला आता एकच टोक उरलं होतं.

"बन्सीधर," आबासाहेबांनी विचारलं, "तुम्हाला घरी कोण आहे?"

"कुणी नाही, साहेब."

"मुलगा, भाचा, पुतण्या? लग्नाचं कुणी?"

"नाही."

"मग बसा खुर्चीत."

बन्सीधर सल्लागाराच्या खुर्चीत बसला. ती त्यानं रोज पुसली होती, बसला पहिल्यांदाच. काय विचारायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून त्यानं जे मनात होतं तेच विचारलं.

"काय झालं, बाई? हजेरी कुणाच्या तासाला कमी पडली?"

"अप्पाराव सरांच्या," विमला म्हणाली. "तर्कशास्त्राच्या. पहिला तास असतो. झरीची गाडी येते तंवर सरांची हजेरी घेऊन व्हती. मी रोज मागच्या दारानं येऊन बसते. बाकी सगळ्या तासांना माझी हजेरी पुरी हाय. शुक्रवारपास्नं हेच सांगायलेय मी, पन कुनी ऐकूनच घेईना."

सगळ्यांनी अप्पारावांकडं बघितलं.

"माझ्या तासाला?" अप्पाराव म्हणाले. "मी हिला कधी बघितलं नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"सर, तुमी वर पंख्याकडं बगून शिकवता."

मागं सूर्यभान गुरुजी खोकले.

"पुरावा?" अप्पारावांनी विचारलं.

विमला उभी राहिली, तासाला राहतात तशी. "तुमचं नेहमीचं उदाहरण. गुन्हेगार घाबरतो. हा माणूस घाबरला आहे. म्हणून हा गुन्हेगार आहे." मग ती जरा थांबली. "पन सर, ते चूक हाय. गाडी चुकंल म्हनून मी बी रोज घाबरते. घाबरनारे सगळे गुन्हेगार नसतेत."

हे उदाहरण कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते फक्त अप्पारावांच्या तासाला मिळायचं, आणि इतक्या वर्षांत ते चूक आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अप्पाराव बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "ही माझ्या तासाला येत होती. हे लिहून घ्या, बन्सीधर. आणि मी सल्लागार म्हणून सांगत नाही. मी आरोपी म्हणून सांगतोय."

बन्सीधरनं लिहायला घेतलं. दिनकररावांनी पोरीकडं बघितलं. "म्हंजे तू रोज जात व्हतीस व्हय? मला वाटलं बाजारात हिंडत असशीन." आणि त्यांनी पटका परत डोक्याला गुंडाळला. त्यांचा चेहरा पडला नव्हता, उलट सैल झाला होता. करार करार होता, आणि फाल्गुनातल्या खर्चाची फिकीर पुढं गेली होती.

पण पोरीसाठी चार घरं हिंडलेल्या माणसाचे डोळे लगेच स्वस्थ बसत नाहीत. ते खुर्चीतल्या बन्सीधरवर येऊन थांबले.

"साहेब," दिनकरराव म्हणाले, "तुमाला घरी कुनीच न्हाई म्हनलाव. म्हंजे मोकळे हाव? चारठान्याला आमची एक चुलत—"

"दिनकरराव!" बन्सीधर इतक्या मोठ्यानं ओरडला की अण्णासाहेब वकील भिंतीपासून सुटले. "गप बसा! एक शब्द बोलू नका. तुम्ही बोललात की मला पण उठावं लागंल. मग या पोरीला कुणीच राहत नाही."

दिनकररावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बन्सीधरनं शिफारस पुरी केली. सही केली. टिपकागद लावला. कागद आबासाहेबांपुढं ठेवला. आबासाहेबांनी सही केली. विमलानं कागद घेतला आणि ती पळाली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून परीक्षेच्या खिडकीपर्यंत गेला आणि थांबला. काही वेळानं तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "भरला!"

तेव्हा दिनकररावांनी तोंडावरचे हात काढले आणि मोठा श्वास घेतला.

"आता बोलू का जी? चारठान्याची हाय. लय गुनाची हाय. सैपाक तर—"

"चारठाण्याशी माझा आधीच संबंध आहे," बन्सीधर म्हणाला.

"कुनाशी?"

"कस्तुराबाईशी."

दिनकररावांनी गोंधळून अप्पारावांकडं बघितलं. अप्पारावांनी त्या दिवशी, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा, कुठला प्रश्न विचारला नाही. दिनकरराव हळूच म्हणाले, "पन साहेब, तुमच्या मंडळी तर..."

"हाव. गेली ती." बन्सीधर खुर्चीतून उठला आणि त्यानं ती फडक्यानं पुसली. "पण पाटीवर लिहिलंय ना. संबंध असल्यास आधी सांगावे. म्हणून सांगितलं."